भोंग्याचं डबिंग

हेडफोन कानाला लावला आणि आत भोंग्या खाकरला. मी दचकून मागे बघितलं. मागे कोण असणार? फोम लावलेल्या भिंती, बंद जाड दार आणि काचेपलीकडे मान खाली घालून बसलेला रेकॉर्डिस्ट. भोंग्याला जाऊन दोन महिने झाले होते, आणि त्याला पोचवून आलेल्यांत मीही होतो, तेव्हा यात घाबरण्यासारखं काही नाही हे मला कळत होतं. शूटिंग चालू असताना जो कच्चा आवाज टिपतात, ज्याला हे लोक पायलट म्हणतात, तो माझ्या कानात सोडला होता इतकंच. खाकरून झाल्यावर भोंग्या म्हणाला, "अरे दार उघडा! आतले सगळे मेलात काय?" आणि मी हेडफोन कानावर घट्ट दाबला. शब्दांमुळे नव्हे. हा त्याचा आवाजच नव्हता. म्हणजे होता त्याचाच, पण करपलेलं पातेलं चमच्याने खरवडावं तसा. भोंग्या खाली रस्त्यावर बोलला तर तिसऱ्या मजल्यावर कळायचं, म्हणून तर भोंग्या. मी काचेकडे बघून हात हलवला. "मशीनमध्ये काही बिघाड आहे का हो?" रेकॉर्डिस्टने मान हलवली. त्याचा आवाज माझ्या कानात आला, "नाही सर. त्यांचा घसाच तसा होता तेव्हा. म्हणून तर तुम्हाला बोलावलंय."

म्हणून तर मला. आता मी कोण, तर मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माझ्याकडे तोंडांचे साचे पाठवतात, मी मेणात एकेक दात बसवतो, घासतो, रंग जुळवतो. दिवसभर समोर प्लास्टरचे जबडे असतात आणि ते बोलत नाहीत हे त्यातलं सुख. गेल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, मी सिनेमाची डायरेक्टर, तुमचे मित्र आमच्या सिनेमात होते, शूटिंग पुरं झालं पण डबिंगच्या आधीच ते गेले. त्यांनी तुमचा नंबर देऊन ठेवला होता, म्हणाले होते की माझं काही बरंवाईट झालं तर पोपटला बोलवा. 'पोपट' म्हणताना त्या जरा चाचरल्या. मी म्हटलं, म्हणा खुशाल, मीच तो. फोन ठेवल्यावर मी मेणाचा दिवा विझवला आणि तसाच बसून राहिलो. राग आला होता. दुःखबिःख नंतर, आधी राग. या माणसाने माझा नंबर एका परक्या बाईला दिला आणि स्वतः मात्र शेवटचे तीन महिने मला एक फोन केला नाही. घरी गेल्यावर बायकोला म्हटलं, मी काही जाणार नाही. ती म्हणाली, "जा हो. मेलेल्या माणसावर कसला रुसवा धरता?" मी म्हटलं, मी रुसलेलो नाही. "मग कालच्या भाजीत मीठ नव्हतं ते निमूट कसं खाल्लंत?" या बाईपुढे बोलायची सोय नाही.

सिनेमा विनोदी. कॉलेजातले चार मित्र तीस वर्षांनी भेटतात. जुनं हॉस्टेल पाडणार म्हणून शेवटचं बघायला चोरून आत शिरतात, आणि वॉचमन बाहेरून कुलूप घालून निघून जातो. मग एकाचा विग उंदीर पळवतो, एक जण खिडकीत अडकतो, आणि भोंग्याच्या वाट्याला अर्थातच खादाडाचं काम. आयुष्यभर त्याने असलीच कामं केली. हवालदार, दुकानदार, नवरीचा मामा. आला, दोन वाक्यं बोलला, लोक हसले, गेला. या सिनेमात पहिल्यांदा त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवलं होतं. पडद्यावर ते चौघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडेपर्यंत हसत होते आणि मी इकडे माइकसमोर उभा राहून मनात म्हणत होतो, असं कुणी भेटत नाही हो बाई. आमची चौकडी कुठे भेटली? एक परदेशी गेला तो तिकडचाच झाला, दुसऱ्याला मोठेपण आलं आणि त्याला आम्ही रस्त्यात दिसेनासे झालो. उरलो आम्ही दोघं. दर रविवारी सकाळी फोन, आणि वर्षातून कधीतरी दोनदा भेट, आणि भेटलो की पहिली दहा मिनिटं नुसत्या शिव्या. याला कुणी सिनेमा म्हणणार नाही, पण मला तेवढं पुरत होतं. पुरत होतं म्हणजे काय, माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

कामाची पद्धत अशी की आधी तुकडा दाखवतात, कानात पायलट वाजतो, एकदा, दोनदा, तीनदा, तुमच्या डोक्यात तो ताल बसेपर्यंत. मग टुक टुक टुक अशी खूण होते आणि चौथ्याला तुम्ही ओठांबरोबर बोलायचं. पहिल्या वाक्याला मी डोळे मिटले. मला वाटलं होतं काहीच येणार नाही. पण तोंड उघडलं तर भोंग्या आला, अख्खा, वीस वर्षांचा, गॅलरीत उभा राहून अंघोळीच्या बादलीसाठी ओरडणारा. "अरे दार उघडा! आतले सगळे मेलात काय?" काचेपलीकडे डायरेक्टरबाई ताडकन उभ्या राहिल्या. रेकॉर्डिस्टने दोन्ही हात डोक्याला लावले. मला, खोटं का बोला, बरं वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याची भेट झाल्यासारखं वाटलं, आणि तेही आमच्या हॉस्टेलच्या भोंग्याची.

ही काही कला नव्हे. लागण आहे ती. मी मुळात घुम्या. पण कुणाचं बोलणं चार दिवस कानावर पडलं की ते गळ्यात येऊन बसतं. लहानपणी मावशीकडे राहून आलो की आई म्हणायची, पुरे आता, आपल्या घरच्यासारखं बोल. कॉलेजात भोंग्या दुपारचे तास बुडवून तालमीला पळायचा आणि त्याची हजेरी मी द्यायचो, मागच्या बाकावरून, त्याच्या आवाजात. एकदा स्पर्धेच्या दिवशीच त्याचा घसा बसला, तर विंगेत उभं राहून त्याचं अख्खं नाटक मी बोललो आणि समोर तो नुसतं तोंड हलवत राहिला. बक्षीस त्याला मिळालं. खाली आल्यावर गंभीर चेहऱ्याने म्हणतो कसा, "परीक्षक म्हणाले, अभिनय उत्तम, आवाजावर मेहनत घ्या." त्याला बदडायला मी वसतिगृहापर्यंत मागे धावलो होतो. आणि या लागणीची जी दुसरी बाजू, तीही त्यालाच माहीत होती. नवीन आलं की जुनं जातं. माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला, शेवटचं वर्ष ते ओढत, अडखळत बोलायचे. त्याआधी पन्नाशीपर्यंत ते स्वच्छ, खणखणीत बोलत होते, आम्हाला हाका मारत होते, रागवत होते. तो आवाज मला आता आठवत नाही. काढायला गेलो की ओढलेलाच येतो. माझ्याच बापाची मी शेवटची नक्कल तेवढी ठेवली आणि बाकीचा बाप हरवला. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. भोंग्याला सांगितलं होतं. तो त्या दिवशी एकही विनोद न करता माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आला होता.

दुसरा तुकडा, तिसरा, चौथा. भोंग्या मोरीत घसरतो. भोंग्या जुन्या भिंतीवर स्वतःचं नाव शोधतो आणि त्याला शेजारी दुसऱ्याचंच बदाम सापडतं. कानात खरवड, खरवड, खरवड, मग टुक टुक टुक, मग मी. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, धंद्याची सवय. वरचा पुढचा डावा दात माझा. सायकलवरून पडून त्याचा तुटला होता, मी शिकाऊ असताना बसवून दिलेला पहिला दात तो, रंग किंचित पिवळा लागलेला. नंतर किती वेळा म्हटलं, बदलून देतो, फुकट देतो. म्हणायचा, राहू दे, तेवढाच मी दिसायला खरा वाटतो. पडद्यावर तो दात होता, आणि गळ्याला मफलर. मफलर मी आधी कपडेपटाची हौस समजलो होतो. मग एका तुकड्यात तो वाकला, मफलर सरकला, गळ्यावरची गाठ दिसली, आणि मी नजर खाली केली. पुढचं वाक्य मला दोनदा घ्यावं लागलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "सर, जरा जड आलं. मघाचंच द्या, मोकळं." मी पाणी प्यायलो.

दार आठवत होतं. पडद्यावरचं नव्हे, त्याच्या घरचं. आधी रविवारचे फोन बंद झाले. मेसेज आला, "घशाला विश्रांती दिलीय, डॉक्टर म्हणतात आयुष्यभराचं बोलून झालंय." मी हसून सोडून दिलं. मग नुसते अंगठे यायला लागले. एके दिवशी मी मोसंबी घेऊन त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं, अर्धंच. म्हणाल्या, "झोपलेत, भावजी." आणि आत कपात चमचा फिरल्याचा आवाज आला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही ऐकू आलं होतं. मी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, उठला की सांगा. जिना उतरताना कान इतके तापले होते की खाली येऊन मी भिंतीला टेकलो. इतकं काय वाईट केलं होतं मी त्याचं? नंतर कळलं की घरी लोक येत होते, शेजारचे, नाटकातले, कोण कुठले. बसत होते, बोलत होते. एकटा मी नको होतो. मग मीही गेलो नाही. पुन्हा गेलो तो एकदमच. त्या घरात लोक दाटले होते आणि तो मधोमध गप्प होता, आणि त्याला गप्प बघायची माझी ती पहिलीच वेळ.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो तर कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर वहिनी बसल्या होत्या. समोर चहा, साय आलेला. मला वाटलं पाय तसेच मागे घ्यावेत. पण डायरेक्टरबाईंनी हाताला धरूनच नेलं. "ताई मुद्दाम आल्यात. शेवटचं वाक्य ऐकायला." मी बसलो. समोरचा बिस्किटाचा पुडा फोडला. वहिनी वाळल्या होत्या. त्यांचं लग्न उशिरा झालेलं, दोघंही चाळिशीला टेकलेले. आम्ही दोघं जुन्या गोष्टींवर हसायला लागलो की त्या शेजारी बसून कोऱ्या चेहऱ्याने हसायच्या. मला तेव्हा त्याची मजा वाटायची.

"भावजी, तुम्ही रागावलात ना माझ्यावर?" त्या एकदम म्हणाल्या.

"छे हो."

"त्या दिवशी ते जागे होते."

"माहीत आहे."

"त्यांनीच सांगितलं होतं. पोपट आला तर आत घेऊ नकोस. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, अख्ख्या जगाला भेटता आणि त्यांनाच नाही? तर म्हणाले, जग विसरेल. तो नाही विसरणार. त्याने एकदा हा आवाज ऐकला की तो गळ्यात घेऊन बसेल आणि आधीचा जाईल." त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. "म्हणाले, त्याच्याकडे मी वीस वर्षांचा आहे. चांगला ठणठणीत. तेवढा एक राहू दे कुठेतरी."

छातीवर पाच महिने बसलेलं कुणीतरी उठून बाजूला झालं. त्याने मला टाळलं नव्हतं. दारामागे बसून, कपातला चमचा धरून, तो गाढव मला जपत होता. की स्वतःला जपत होता माझ्यात? काही का असेना. साल्या, मला एकदा विचारायचंस तरी. मी दाराबाहेर उभा राहिलो असतो, कानात कापूस घालून बसलो असतो, नुसतं तोंडाकडे बघितलं असतं तुझ्या. मला हसू येत होतं आणि नाकात पाणी येत होतं, आणि हातातल्या बिस्किटाचा चुरा झाला होता.

"म्हणून तर बाईंना बजावून ठेवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "पोपटला फक्त चित्र दाखवा, मूळ आवाज ऐकवू नका. नाही ऐकवला ना?"

मी डायरेक्टरबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "ते म्हणाले होते," त्या हळूच म्हणाल्या. "सेटवर सगळ्यांसमोर म्हणाले होते. मी हसले. सगळेच हसले. त्यांचं खरं कुठलं आणि गंमत कुठली, कळायचंच नाही हो. मला वाटलं..." वहिनींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने म्हटलं, "काही नाही हो वहिनी. सकाळपासून येतोय की आवाज. मस्त येतोय. विचारा यांना." बाईंनी जोरात मान हलवली. वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्या पहिल्यांदाच जरा हसल्या. म्हणाल्या, "माझ्या मोबाईलमध्ये त्यांचे कितीतरी व्हिडिओ आहेत. पण ते सगळे आमच्या लग्नानंतरचे. तुम्ही दोघं ज्याच्या गोष्टी सांगून हसायचात ना, तो मला कधी भेटलाच नाही. मी मनात म्हणायचे, कोण हा? माझ्या नवऱ्याला मी सोडून सगळे ओळखतात. आज तो ऐकायला आलेय. त्यांनीच सांगितलंय, पोपटकडे आहे, जाऊन ऐक एकदा."

मी परत आत गेलो. दार बंद झालं की त्या खोलीत स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटतो. मी मनातल्या मनात त्याला हाक मारून बघितली. हॉस्टेल, गॅलरी, बादली. चित्र सगळं जागच्या जागी होतं, लाल बादली, तिचा दोरीने बांधलेला कान, उघड्या अंगाचा भोंग्या तोंड वासून ओरडतोय. आवाज येत नव्हता. येईल, म्हटलं, माइकसमोर येईल. सकाळी नव्हता आला? काचेपलीकडे वहिनींना खुर्ची दिली होती. त्या पर्स मांडीवर घेऊन, पाठ ताठ करून बसल्या होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या. मी रेकॉर्डिस्टला खूण केली की पायलट नको, फक्त चित्र. त्याने मान हलवली. बाईंनी त्याला सांगितलं असावं.

शेवटचा तुकडा असा: सकाळ झालीय, वॉचमनने कुलूप काढलंय, चौघं गाडीत बसून निघालेत. गाडी वळणावर जाते आणि भोंग्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून मागे हात करून ओरडतो, "थांबा रे! माझी एक चप्पल आतच राहिली!" गाडी थांबत नाही. बाकीचे तिघं हसत असतात. सिनेमा संपतो. एवढंच. यावर लोक हसत हसत बाहेर पडणार, असा हिशेब. चित्र सुरू झालं. टुक, टुक, टुक. पडद्यावर त्याचं तोंड उघडलं, तो पिवळट दात दिसला, आणि मी ओरडलो.

खरवडलेला आला.

रेकॉर्डिस्ट कानात म्हणाला, "सर, घसा बसला का? पाणी घ्या, पुन्हा करू." मी पाणी घेतलं. पुन्हा टुक टुक टुक. पुन्हा तोच. मी हेडफोन काढून ठेवला, डोळे मिटले, मान वर केली, हजेरीचं बाक आठवलं, विंग आठवली, तो मला ज्या शिव्या द्यायचा त्या एकेक करून आठवल्या, आणि सगळ्या शिव्या खरवडूनच आल्या. सकाळपासून तीनदा तीनदा करून कानात सोडलेला तो आवाज आत सगळीकडे पसरला होता. वीस वर्षांचा भोंग्या नव्हता. वडील गेले तसाच गेला होता, आणि मला कळलंही नव्हतं कधी, कुठल्या तुकड्याला. बहुतेक जेवणाच्या आधीच गेला असेल. कँटीनमध्ये मी वहिनींना सांगत होतो, मस्त येतोय, तेव्हा तो गेलेलाच होता.

जाड दार उघडलं आणि वहिनी आत आल्या. स्पीकरवर त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे बघून म्हणायला गेलो की वहिनी, माफ करा, एकच होता माझ्याकडे आणि तोही मी घालवला, पण तोंडातून एवढंच निघालं, "वहिनी, गेला हो तो," आणि तेही त्याच्याच आवाजात, त्या शेवटच्या. मग मला आवरेना. मी माइकच्या दांड्याला धरून रडायला लागलो, मोठ्याने, लाज सोडून, आणि ते रडणंही माझं येईना. ते घशात अडकत, फाटत, तुटत भोंग्याच्या गळ्याने येत होतं. माझं मलाच ऐकवेना. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडे उठून दिवा घालवला. मी हाताने तोंड दाबलं.

वहिनींनी माझा हात धरून बाजूला केला.

"दाबू नका," त्या म्हणाल्या. "येऊ द्या. माझ्यासमोर एकदासुद्धा रडले नाहीत ते."